स्पीकर घ्यायचा, पण कुणाचं ऐकून?



बचत गटांच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. त्यामुळे मी दिसले की बहुतेक जणी कर्ज, हप्ता, व्याज आणि बँक यांवरच बोलायला लागतात. आज मात्र मी आवाजाबद्दल बोलणार आहे. म्हणजे स्पीकर, माइक, इअरफोन अशा आवाजाच्या वस्तूंबद्दल, आणि त्या चांगल्या की वाईट हे आपल्याला सांगतं कोण, त्याबद्दल.

काही जणी म्हणतील, हा तर पोरांचा विषय. थांबा जरा. गेल्या काही वर्षांत आपल्या गटांनी काय काय घेतलं ते आठवा. शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, शेवयांचं यंत्र. आणि आता त्यांच्या जोडीला चाकांचा स्पीकर आणि दोन माइक. बारसं, डोहाळजेवण, हळदी-कुंकू, भजन, शाळेचं स्नेहसंमेलन, ग्रामसभा, सगळीकडे तो भाड्यानं जातो. धंदा चांगला आहे. पैसे गटाचे असतात आणि हप्ता बायका फेडतात. पण कोणता स्पीकर घ्यायचा हे ठरवतं कोण? बहुतेक वेळा कुणाचा तरी मुलगा किंवा पुतण्या, आणि तोही मोबाइलवरचा एक व्हिडिओ बघून. दुकानात गेलो तर दुकानदार सगळी माहिती त्या मुलाला सांगतो, आणि पैसे मोजायची वेळ आली की मगच आपल्याकडे वळतो. मुलाचं ऐकू नका असं मी म्हणत नाही. पण मुलगा ज्याचं ऐकतो, त्या व्हिडिओतल्या माणसाला आपण ओळखतो का? त्याचं पोट कशावर चालतं हे आपल्याला ठाऊक आहे का? एवढं विचारायला तर हवं.

आपल्याकडे पूर्वी रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर घ्यायचा तर दोनच वाटा होत्या. तालुक्याच्या दुकानदाराचा शब्द, नाहीतर ज्याच्या घरी आधी आलाय त्याच्या ओट्यावर बसून ऐकणं. इंग्लंड-अमेरिकेत मात्र या कामासाठी छापील मासिकं होती. लंडनमध्ये १९२३ साली कॉम्प्टन मॅकेन्झी या लेखकानं ‘ग्रामोफोन’ नावाचं मासिक सुरू केलं. तबकड्या आणि त्या वाजवणारी यंत्रं घेणाऱ्यांना तिथं चार शब्द वाचायला मिळायचे. पुढे अमेरिकेत १९५१ साली ‘हाय फिडेलिटी’ निघालं. ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ नावाच्या मासिकात ज्युलियन हर्श नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं यंत्रं लावून मोजमाप करायचे आणि कोणत्या अॅम्प्लिफायरची खरी ताकद किती ते लिहायचे. या मासिकांचं वजन मोठं होतं. मासिकानं चांगलं म्हटलं की दुकानात माल खपायचा.

पण मैत्रिणींनो, मासिक चालवायला पैसा लागतो. वर्गणी पुरत नाही, म्हणून जाहिराती येतात. आणि जाहिरात कुणाची? ज्यांच्या वस्तू तपासायच्या, त्यांचीच. मग वाईट कसं लिहायचं? ‘हाय फिडेलिटी’त काम करणारे गॉर्डन होल्ट याच कारणानं वैतागले आणि १९६२ साली त्यांनी ‘स्टीरिओफाइल’ नावाचं स्वतःचं छोटं मासिक काढलं. कंपन्यांच्या जाहिराती न घेता, स्वतःच्या कानाला जे पटलं ते लिहायचं, असा त्यांचा बाणा. १९७३ साली हॅरी पिअर्सन यांनी ‘द अॅब्सोल्यूट साउंड’ काढलं, तेही सुरुवातीला कंपन्यांच्या जाहिरातींवाचून. पुढे या दोन्ही मासिकांत जाहिराती आल्याच. छापखान्याचं बिल कुणाला चुकत नाही.

जाहिरात अजिबात न घेणारंही एक मासिक अमेरिकेत आहे, ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’. ते १९३६ सालापासून चालू आहे. त्यांची रीत अशी की कंपनीकडून फुकट नमुना घ्यायचा नाही. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानातून पैसे देऊन वस्तू आणायची आणि मग तपासायची. १९७० साली त्यांनी बोस कंपनीचा ‘९०१’ नावाचा स्पीकर तपासला. या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांचे वडील बंगालचे, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन अमेरिकेत गेलेले. या स्पीकरच्या पेटीत नऊ छोटे स्पीकर होते. त्यातले आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून आणि एकच आपल्या बाजूला. आवाज भिंतीवर आपटून खोलीभर पसरावा, अशी कल्पना. मासिकानं लिहिलं की यात एकेका वाद्याचा आवाज एका जागी राहत नाही, खोलीत फिरल्यासारखा वाटतो. कंपनी चिडली आणि कोर्टात गेली. आवाज ‘खोलीत’ फिरतो की फक्त ‘भिंतीच्या कडेनं’ सरकतो, या शब्दांवर वकील भांडले. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, वरच्या कोर्टात मासिक जिंकलं, आणि शेवटी १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मासिकाच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील, पण मुद्दाम खोटं लिहिलं हे सिद्ध झालेलं नाही.

ही गोष्ट मी का सांगितली? एका स्पीकरबद्दलच्या दोन-चार ओळींसाठी ते मासिक चौदा वर्षं आपल्या शब्दाला धरून उभं राहिलं. छापील मासिकाची खरी किंमत तिथं होती. संपादकाचं नाव छापलेलं, पत्ता छापलेला, आणि लिहिलेलं पुसता येत नाही. चुकलं तर विचारायला जागा आहे.

मग ती मासिकं मागे का पडली? एक तर ती महाग, महिन्यातून एकदा येणारी, आणि त्यांत सगळी चर्चा श्रीमंतांच्या वस्तूंची. दोन-तीन हजारांचा स्पीकर घेणाऱ्या माणसासाठी त्यांत ओळसुद्धा नसायची. भाषा तर इंग्रजी. आपल्यासारख्या बायका त्यांच्या हिशेबातच नव्हत्या.

ऑनलाइन परीक्षणांनी ही भिंत पाडली, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. आज मोबाइलवर मराठीत, हिंदीत पाहिजे तेवढी माहिती मिळते, आणि तीही स्वस्त वस्तूंची. सगळेच जण नुसतं बोलतात असंही नाही. अमेरिकेत अमीर मजिदीमेहर हे पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये मोठ्या पदावर असलेले गृहस्थ २०१६ पासून आवाजाच्या वस्तू यंत्रावर मोजतात आणि आलेख सगळ्यांसमोर ठेवतात. कित्येक वाचक स्वतःची वस्तू पोस्टानं त्यांच्याकडे पाठवतात. महागड्या नावाजलेल्या यंत्रापेक्षा स्वस्त यंत्राची मोजमापं सरस निघाल्याचं तिथं अनेकदा दिसलं आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ‘आरटिंग्ज’ नावाची संस्था हेडफोन दुकानातून विकत घेऊन, सगळ्यांना एकच कसोटी लावून तपासते. म्हणजे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ची जुनी रीतच नव्या जागी आली.

आता दुसरी बाजू. छापील मासिकात जाहिरात वेगळ्या पानावर असायची, निदान ती जाहिरात आहे हे दिसायचं. व्हिडिओत जाहिरात बोलण्यातच मिसळलेली असते. “खाली लिंक दिली आहे, तिथून घ्या,” असं तो माणूस म्हणतो. त्या लिंकवरून आपण वस्तू घेतली की त्याला दुकानाकडून दलाली मिळते. दलाली घेणं हा गुन्हा नाही. आपल्या बैलबाजारातही दलाल असतोच. पण बाजारात तो दलाल आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून त्याचं बोलणं आपण त्या हिशेबानं घेतो. व्हिडिओतला माणूस मात्र घरच्या भावासारखा बोलतो. शिवाय वस्तू कंपनीनं फुकट पाठवलेली असू शकते. वाईट बोलला तर पुढची येईल का, ही भीती त्याच्या मनात असतेच.

वजन किती वाढलं आहे याचं एक उदाहरण देते. सिंगापूरचा ‘क्रिनॅकल’ या नावानं ओळखला जाणारा एक तरुण इअरफोन ऐकून त्यांना क्रमांक द्यायचा. शेकडो इअरफोनची त्याची यादी जगभर वाचली जाते. त्याचा शब्द इतका चालू लागला की चिनी कंपन्यांनी त्यालाच बोलावलं, त्याच्या कानाला पटेल असा आवाज ठरवून घेतला आणि त्याचं नाव लावून इअरफोन विकायला काढले. त्यानं हे लपवून केलेलं नाही, उघड केलं. तरी बघा, कुस्तीचा पंचच आखाड्यात उतरला. मग पुढच्या कुस्तीचा निकाल आपण कसा ऐकायचा, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

आणखी एक गंमत आहे, ती तर घरबसल्या कळण्यासारखी आहे. व्हिडिओत तो माणूस दोन स्पीकर वाजवून दाखवतो आणि विचारतो, “बघा, कोणता गोड वाजतो?” आपण ऐकतो आणि एक निवडतो. पण आपण ऐकलं काय? त्या स्पीकरचा आवाज त्याच्या माइकनं टिपला, इंटरनेटवरून आला, आणि वाजला आपल्या मोबाइलच्या बोटाएवढ्या स्पीकरमधून. त्यातून ढोलकीचा खालचा आवाज येतच नाही. म्हणजे आपण ऐकला तो आपलाच मोबाइल. फोटोत बघून आमटीला मीठ किती ते सांगण्यातला प्रकार.

दुकानात जाऊन ऐकलं तरी डोळे आपल्याला फसवतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग मांडला. चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआडून, एकदा उघड्यावर. दोन्ही वेळा स्पीकर तेच होते, पण उघड्यावर दिलेले गुण वेगळे निघाले. मोठा, देखणा, महाग स्पीकर डोळ्यांना दिसला की कानाचं मतही बदललं. आणि ही माणसं स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलीच होती. तिथं आपली काय कथा!

आमच्या भागातल्या एका गटानं गेल्या वर्षी हाच प्रयोग तालुक्याच्या दुकानात केला. दहा जणींचा गट. भाड्यानं द्यायला स्पीकर घ्यायचा होता. अध्यक्षताईंच्या मुलानं व्हिडिओ बघून एक नाव पक्कं केलं होतं. रंगीत दिवे लागणारा, छातीएवढा उंच. सचिवताई म्हणाल्या, आपण आधी ऐकू. दुकानदाराला त्यांनी तीन स्पीकर एका ओळीत ठेवायला सांगितले आणि त्यांवर घरून आणलेली जुनी साडी पांघरली. दुकानदार हसला, पण दहा गिऱ्हाइकं समोर उभी म्हटल्यावर नाही कसं म्हणेल? अध्यक्षताईंचा मुलगाच साडीमागे बसला आणि एकामागून एक स्पीकर लावत गेला. आधी गाणं, मग माइकवरून गटाचा ठराव. दहाही जणींनी पाठ फिरवून ऐकलं आणि चिठ्ठीवर नंबर लिहिले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोटांवर सांगितलं. गाण्याला दिव्यांचा स्पीकर पुढे होता. पण माइकवरच्या बोलण्यात तो मागे पडला, कारण त्यात नुसता घुमारा होता आणि शब्द फुटत नव्हते. बोलण्याला सात जणींनी मधल्या स्पीकरला पसंती दिली. तो तिन्हीत दिसायला साधा होता आणि किंमतही कमी होती. आपल्याला भाडं मिळणार ते सभेचं, भजनाचं, बारशाच्या नावं ठेवण्याचं. तिथं शब्द कळायला हवा. त्यांनी मधला घेतला. मुलगाही शेवटी म्हणाला, व्हिडिओत माइक कुणी लावूनच दाखवला नव्हता.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. सगळे स्पीकर सारख्याच मोठ्या आवाजात लावायचे, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. आणि माइक लावून बोलून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आता खोक्यावर जे आकडे असतात त्यांबद्दल. ‘पीएमपीओ’ असं लिहून पुढे हजारांत वॅट दिलेले असतात. या आकड्याला ठरलेलं माप नाही. क्षणभर उसळलेल्या ताकदीचा तो फुगवलेला आकडा असतो, आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या रीतीनं काढते. आपण ‘आरएमएस’ वॅट विचारायचे. तीच सतत वाजत राहण्याची ताकद. अमेरिकेत असे फुगवलेले आकडे इतके बोकाळले होते की १९७४ साली तिथल्या सरकारला अॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा नियम करावा लागला. दुसरं म्हणजे वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वीस वॅटचे चाळीस वॅट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, कानाला थोडासाच जास्त वाटतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून चाळीसऐवजी पन्नास वॅटचा घ्या, असं म्हणून कुणी हजार रुपये जास्त मागितले, तर त्या हजारांत चांगला माइक येईल हे लक्षात ठेवा.

माइक शिट्टी मारतो अशी तक्रार नेहमी येते. बहुतेक वेळा वस्तू खराब नसते. माइकमधला आवाज स्पीकरमधून येतो, तो पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी होते. स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे ठेवायचा, तोंड लोकांकडे करून. माइक घेतलेली बाई स्पीकरच्या मागच्या बाजूला उभी राहिली पाहिजे.

बॅटरी ही तिसरी गोष्ट. व्हिडिओ खोकं उघडल्याच्या दिवशी बनतो. बॅटरी खराब होते वर्षानं. चाकांच्या अनेक मोठ्या स्पीकरांत शिसं-आम्लाची बॅटरी असते, ती रिकामी ठेवली की मरते. पावसाळ्यात कार्यक्रम नसले तरी स्पीकर महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करायचा, आणि हे काम गटात एकीच्या नावावर लिहून ठेवायचं. घेताना बॅटरी कोणती, बदलून मिळते का, कितीला मिळते, हे विचारायचं. आणि भाड्यानं देताना नियम सांगायचा. उघड्यावर लाउडस्पीकर लावायला परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवायचा, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. सणासुदीला सरकार काही दिवस सवलत देतं, तेवढीच. नाहीतर पोलीस स्पीकर नेतील आणि हप्ता मात्र आपल्यालाच भरावा लागेल.

आता व्हिडिओ बघायचाच नाही का? बघा की. पण बघताना चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. वस्तू यानं विकत आणली की कंपनीनं दिली? किती दिवस वापरून हा बोलतोय? यात काय वाईट आहे हे एकदा तरी सांगितलं का? आणि आपल्या कामाची गोष्ट, म्हणजे माइक, बॅटरी, दुरुस्ती, हे यानं तपासलं का? चारांतल्या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर ती जाहिरात समजायची आणि दुसरा व्हिडिओ लावायचा. दुकानांच्या अॅपवर तारे दिलेले असतात, त्यांतही पाच तारेवाल्यांचं कौतुक वाचण्यापेक्षा दोन-तीन तारे देणाऱ्यांचं वाचा. काय आवडलं आणि काय बिघडलं, हे दोन्ही सांगणारी माणसं बहुधा तिथं भेटतात. एकाच दिवशी, एकाच धाटणीची पन्नास कौतुकं दिसली तर सावध व्हा.

कायदाही आता आपल्या बाजूनं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. कंपनीकडून पैसे, भेटवस्तू किंवा फुकट नमुना घेऊन कुणी एखाद्या वस्तूची शिफारस करत असेल तर ते त्यानं स्पष्ट सांगितलं पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं आणखी खुलासा केला की व्हिडिओत हे दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. नुसतं खाली बारीक अक्षरात लिहून चालणार नाही. दिशाभूल केली तर १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन परीक्षणांसाठी मानकही काढलं, विकत घेतलेली परीक्षणं छापू नयेत असं त्यात आहे. वायरलेस इअरफोन, चार्जर आणि पॉवर बँक यांवर ब्युरोचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो ‘बीआयएस केअर’ या अॅपवर टाकून खरा की खोटा ते बघता येतं. वस्तू खराब निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही, आणि आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुम्ही तर धंद्यासाठी घेतलं, असं म्हणून कुणी हाकलू लागलं तर सांगा, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं व्यापारी धरलेली नाही. मात्र या सगळ्यासाठी पक्कं बिल लागतं. बिलावाचून घेतलेले दोनशे रुपये स्वस्त पुढे दोन हजारांना पडतात.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. छापील मासिकात आपण नव्हतो. व्हिडिओतही आपण फक्त बघणाऱ्या आहोत. धूळ, कमी दाबाची वीज, लग्नसराईत रोज एका गावातून दुसऱ्या गावात टेम्पोतून हिंदकळत जाणारा स्पीकर, हे सगळं सिंगापूरचा किंवा अमेरिकेचा माणूस तपासणार नाही. पुण्या-मुंबईचाही नाही. हे आपणच रोज तपासतो, फक्त लिहून ठेवत नाही. एका गावच्या गटाचा स्पीकर आठ महिन्यांत बंद पडतो, आणि शेजारच्या गावचा गट पुढच्या महिन्यात तोच आणतो.

मुंबईत १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र घेऊ लागली. एकटं गिऱ्हाईक दुकानदारापुढे लहान असतं, एकत्र आलं की मोठं होतं. आपले गट तर आधीच बांधलेले आहेत. म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक ग्रामसंघानं एक वही करावी. गटानं घेतलेली वस्तू, किंमत, तारीख, दुकान, बिल आहे की नाही, पहिला बिघाड कधी झाला, दुरुस्ती कुणी केली, किती पैसे गेले, भाड्यातून किती आले, आणि पुन्हा घ्याल का, याचं एका शब्दात उत्तर. लिहिणारी कुणीही असो, दर सहा महिन्यांनी ती मासिक बैठकीत मोठ्यानं वाचायची. वहीत खरं तेच लिहायचं. राग आला म्हणून वाढवून लिहायचं नाही, आणि दुकानदार पाहुण्यातला आहे म्हणून लपवायचंही नाही. वर बघितलंच आपण, चौदा वर्षं मासिक टिकलं ते खोटं लिहिलं नव्हतं म्हणून.

पुढच्या महिन्यात मी प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीला येणार आहे, तेव्हा वहीचं पहिलं पान बघायला मागेन. स्पीकर नसेल तर गिरणीपासून सुरुवात करा, शिलाई मशीनपासून करा. आणि दुकानात जाताना पिशवीत एक जुनी साडी टाकायला विसरू नका.